पेटीचं फेल्ट किरकोळीत मिळवलं, माझा अनुभव (सांगली)

आमच्या भजनी मंडळाच्या पेटीला (हार्मोनियमला) भाता मारला की पट्टी न दाबताच दोन सूर भुणभुणायला लागायचे. उघडून बघितलं तर पट्ट्यांखालचं फेल्ट (दाबून केलेलं जाड मऊ कापड) कसरीनं खाल्लेलं, हवा तिथनंच गळत होती. ऑनलाइन बघितलं तर लोकरीचं फेल्ट अख्खा रोल घ्या म्हणतात, आणि मला पाहिजे किती, ३९ पट्ट्यांना साधारण ७ बाय दीड सेंटीमीटरचे तुकडे, म्हणजे फूटभर लांब न वीतभर रुंद कापड बास!

आधी स्टेशनरीतलं क्राफ्टचं फेल्ट लावलं, महिन्यात दबून चपटं झालं, कारण ते पॉलिस्टर. ओळखायला एक धागा जाळून बघा, लोकर असली तर केस जळल्यासारखा वास येतो न राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. शेवटी मिरजेला सतारमेकर गल्लीत एका कारागीर काकांनी उरलेला ३ मिलीमीटरचा घट्ट तुकडा दिला, मला लई आनंद झाला. एक महत्त्वाचं, फेविकॉल अगदी पातळ लावा, फेल्टात मुरला की ते कडक होतं न परत हवा गळते. वरनं मऊ कातडं चिकटवलं. आता पेटी गप्प बसते, आणि आत डांबरगोळी पुरचुंडीत बांधून ठेवलीय.