सेकंडहँड स्कूटर ऑनलाइन घेताना

जुन्या वस्तूंच्या साइटवर दोन-तीन वर्षांची ॲक्टिव्हा बावीस हजारांत दिसली की आधी किंमतच संशयाने बघा. त्याच मॉडेलच्या बाकी जाहिराती पन्नास-साठ हजारांच्या असतील, तर हा इतका उदार का? उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी आर्मीच्या पार्सलने घरपोच पाठवतो.’ सोबत व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार. ही कागदपत्रं बहुधा दुसऱ्याच कुणाची असतात, त्यामुळे ती बघून विरघळायचं कारण नाही.

मग आधी दोन-तीन हजार ‘ट्रान्सपोर्ट’चे मागतात. ते दिले की जीएसटी, मग ‘रिफंडेबल’ डिपॉझिट. गाडी काही निघत नाही.

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. मॉडेल, नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा तिथे कळतो. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असलं तरी ताळा लागतो. प्रत्यक्ष गाडी बघताना चॅसी नंबर आरसीशी जुळवा. गाडी बघायला येतो म्हटल्यावर ‘कॅन्टोन्मेंटमध्ये सोडणार नाहीत’ असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपवा. टोकन म्हणून शंभर रुपयेसुद्धा पाठवू नका.

‘पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाले तरी करू नका. यूपीआय पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी नाही. गेलेच पैसे, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं.