मुरघासाची ट्रॉली अर्ध्यात अडकायची, त्याची गोष्ट

आमच्या १८ गाई आहेत. मुरघासाचा, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा गोठ्यापासून लांब, म्हणून ट्रॅक्टरला डंपिंग ट्रॉली, म्हणजे उचलून माल मागं ओतणारी. गेल्या महिन्यात ट्रॉली निम्मी उचलली की थांबायची. मग खाली उतरून फावड्यानं ओढा. मक्याचा मुरघास ओला, जवळपास ६५ ते ७० टक्के पाणीच, त्यात दाबलेला; पाठ मोडते.

मेस्त्री म्हणाला, "पंप गेला." ट्रॅक्टरचा हा पंप जॅकमध्ये तेल ढकलतो, तेव्हा ट्रॉली उचलली जाते. खर्च ऐकून गप्प बसलो आणि आधी रिकामी ट्रॉली उचलून बघितली. तीही त्याच उंचीवर थांबली! म्हणजे वजनाचा दोष नव्हता. पंप कमजोर असता तर रिकामी ट्रॉली तरी वर गेली असती. जॅकला पुरेल एवढं तेलच नव्हतं.

ट्रॉली पूर्ण खाली, ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, मग या तेलाची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढली. तेल खुणेच्या बरंच खाली. गेलं कुठं? जॅकला तेल नेणाऱ्या होज पाइपाच्या कपलरमधली (जोडातली) रबरी रिंग चिरलेली, थेंब थेंब गळत होतं. खाली मातीत मुरघासाचा रस सांडलेला असतो, म्हणून तेल कधी डोळ्याला दिसलंच नाही. रिंग बदलली, कपलर पुसून बसवला, पुस्तिकेत सांगितलेलंच तेल भरलं आणि रिकामी ट्रॉली चार-पाच वेळा वर-खाली करून हवा काढली.

कपलर बघताना ट्रॉली वर असेल तर खाली लाकडी ठोकळा नव्हे, लोखंडी टेकू लावा. जॅकवर विसंबून आत डोकं घालू नका. आणि ट्रॉलीचा मागचा फाळका आधी उघडा, मग उचला. मी एकदा विसरलो होतो, बिजागरी अजून वाकडी आहे.