डबलडेकरचा पत्रा उघडण्याआधी

बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये थांबली. अशी जुनी गाडी दुरुस्तीला दारात आली की पहिला हात इंजिनाला जातो. इंजिनाचं काम थांबू शकतं, छताचं नाही. बेळगावजवळच्या खानापूरकडचा एक पावसाळा गळक्या बॉडीला पुरेसा आहे. पत्र्याचं काम दिवाळीनंतर धरा, वळीव यायच्या आत छत बंद करा.

आधी गळती शोधा. एकाला खडू देऊन वरच्या मजल्यावर बसवा. दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा, खालच्या सांध्यापासून वर सरकत, एकेका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळतं आणि सगळ्याच खिडक्या गळतात असं वाटतं.

बाहेरचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा, आतला सांगाडा लोखंडी अँगलचा नाहीतर सागवानी. लोखंडाला चिकटून ओल राहिली की झिजतं ते ॲल्युमिनियम. रिव्हेटभोवती रंग फुगतो, नखाने खरवडलं की पांढरी भुकटी पडते. असा पत्रा पुट्टी भरून वाचत नाही, बदलाच.

रिव्हेट छिन्नीने उडवू नका, भोक लांबट होतं. डोक्याच्या मध्यावर पंच मारा, दांड्याच्या मापाच्या ड्रिलने फक्त डोकं काढा, उरलेला दांडा पंचने ठोकून काढा. एका बाजूचे सगळे पत्रे एकदम काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण सांगाडा ताठ धरतो तो पत्राच. एक-दोन खिडक्यांएवढाच भाग उघडा आणि आत तिरका अँगल क्लॅम्प करा. नाहीतर परत लावताना भोकाला भोक जुळणार नाही.

लाकडी खांब खालून कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापा, जाडीच्या आठपट लांबीचा तिरका सांधा द्या. लाकडाच्या औषधात तांब्याचे क्षार नकोत, ते ॲल्युमिनियम खातात.

नवा पत्रा घासून, थिनरने पुसून त्याच दिवशी एच प्रायमर (etch primer, ॲल्युमिनियमला धरणारा अस्तर-रंग) मारा. लोखंडी तारेचा ब्रश लावू नका. पत्रा आणि अँगलमध्ये ब्यूटाइल (चिकट रबरी) टेप हवीच.

खिडकीचे ब्रॅकेट तयार मिळत नाहीत, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतून घ्यावे लागतात. जुना नग तसाच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून देऊ नका. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं, म्हणजे 200 मिलिमीटरला अडीच मिलिमीटर कमी.

आणि शेडचं दार मोजा. टायरमधली हवा गेलेली असताना आत गेलेली गाडी हवा भरल्यावर बाहेर निघत नाही.