तिजोरीतला पैसा आणि हातातला पैसा: सहकारी बँकांनो, रोकड सांभाळताना या चुका टाळा

नोव्हेंबर 2016 मध्ये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या तिजोऱ्या जुन्या नोटांनी भरल्या होत्या. 14 नोव्हेंबरला या बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली आणि जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची परवानगी थेट जून 2017 मध्ये मिळाली. ताळेबंदात रोकड दिसत होती, पण दारातल्या शेतकऱ्याला द्यायला नोट नव्हती. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांनी हा प्रसंग विसरू नये, कारण कागदावरचा पैसा हातातला धरण्याची चूक आपण रोज करतो.

रोख्यांचा आकडा पाहून निश्चिंत होणे

"आपल्याकडे सरकारी रोखे भरपूर आहेत," हे वाक्य संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास ऐकू येते. त्यातले किती वापरता येतील? एसएलआरची, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित मालमत्तेत ठेवण्याची अट पुरी करणारे रोखे तारण ठेवले की ते एसएलआरमध्ये धरले जात नाहीत. म्हणजे अडचणीत उपयोगी पडतो तो फक्त अटीपेक्षा जादा असलेला भाग. तो विकायचा तरी पैसे साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी येतात आणि व्याजदर चढलेले असतील तर रोख्यांची किंमत उतरते आणि तोटा सोसावा लागतो. म्हणून दर महिन्याला एक वेगळा आकडा काढा: आज सकाळी ठरवले तर उद्या संध्याकाळपर्यंत किती रुपये खात्यात येतील? राज्य सहकारी बँकेत किंवा अन्य बँकेत मुदत ठेवी असतील तर त्यांच्यावरची ओव्हरड्राफ्ट मर्यादा ठरावासकट आधीच मंजूर करून ठेवा. रांग लागल्यावर मागितलेले कर्ज मिळत नाही, मिळाले तरी उशिरा मिळते.

मुदत ठेव मुदतीपर्यंत राहील असे धरणे

मला ही सर्वांत घातक चूक वाटते. अल्कोच्या, म्हणजे बँकेची देणी आणि मालमत्ता यांचा मेळ पाहणाऱ्या समितीच्या तक्त्यात तीन वर्षांची ठेव तीन वर्षांच्या रकान्यात बसते. अफवा उठली की तीच ठेव मोडायला ठेवीदार दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभा असतो. ठेव मोडली नाही तर तिच्यावर कर्ज मागतो. त्याच वेळी व्यापारी आपल्या कॅश क्रेडिटची (मंजूर मर्यादेत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या कर्जाची) न वापरलेली मर्यादा उचलून घेतात. हा दुसरा ओघ तक्त्यात बहुतेक दिसतच नाही.

ठेवीदारही एकसारखे नसतात. 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराच्या एका बँकेतल्या ठेवींचे विमा संरक्षण 1 लाखावरून 5 लाखांवर गेले, मुद्दल आणि व्याज धरून. बचत खात्यातल्या छोट्या ठेवीदाराला त्याचा आधार वाटतो. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, ट्रस्ट यांची रक्कम त्यापलीकडे असते आणि ती एका ठरावाने निघते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. तिथे पैसे अडकलेल्या संस्थांची धास्ती आजही गेलेली नाही. पहिल्या वीस मोठ्या ठेवीदारांची यादी काढा. त्यांपैकी पाच एकाच आठवड्यात गेले तर काय, हा हिशेब संचालकांसमोर मांडा.

सगळी शिल्लक एकाच दारी ठेवणे

2001 मध्ये माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली, तेव्हा गुजरातमधल्या अनेक सहकारी बँकांच्या ठेवी तिथे अडकल्या. एका बँकेचे दुखणे इतरांच्या अंगावर आले. त्यानंतर नियम कडक झाले, तरी जास्त व्याजाच्या मोहाने एकाच ठिकाणी मोठी रक्कम ठेवणे टाळलेलेच बरे.

रविवार विसरणे

डिसेंबर 2019 पासून एनईएफटी आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास चालते. यूपीआयला सुट्टी नव्हतीच. अनेक छोट्या बँका मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत या यंत्रणेत सहभागी आहेत आणि त्यासाठी तिच्याकडे शिल्लक ठेवावी लागते. जोडून सुट्ट्या आल्या, ती शिल्लक संपली आणि व्यवहार अडकू लागले, की ग्राहकाला तांत्रिक कारण कळत नाही. "बँकेत पैसे नाहीत," एवढेच तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो. सुट्टीच्या आदल्या दिवशी ही शिल्लक तपासण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाका.

घाबरून व्याज वाढवणे, किंवा गप्प बसणे

ठेवी जाऊ लागल्या की बाजारापेक्षा एक-दीड टक्का जास्त दर जाहीर करण्याचा मोह होतो. जाणकार ठेवीदार त्याचा अर्थ लगेच ओळखतो. त्याहून वाईट म्हणजे शाखा व्यवस्थापकाने "उद्या या" म्हणणे. त्या एका वाक्याने संध्याकाळपर्यंत रांग दुप्पट होते. पैसे असतील तर पहिल्या दिवशी मागेल त्याला पूर्ण रक्कम द्या, काउंटर उशिरापर्यंत उघडे ठेवा, अध्यक्षांनी स्वतः शाखेत बसावे. मात्र नसलेली गोष्ट सांगू नये. अडचण खरी असेल तर त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा आणि पुढच्या चौदा दिवसांच्या आवक-जावकीचा तक्ता सोबत जोडा.