उठताना अंधारी येते? बीपी झोपून आणि उभ्यानेही मोजा

अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. आणि बीपी तपासावं तर नॉर्मल. कारण ते बसून तपासलेलं असतं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुणपणी शिरा लगेच आवळून घेतात, उतारवयात त्याला वेळ लागतो. त्यात लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी, नाहीतर नुसतं पाणी कमी पिणं, याची भर पडते.

यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो. आधी लघवीला जाऊन या. चहा-कॉफी, तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही वर गुंडाळली तर तिचाच फास बसतो, त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा.

पाच मिनिटं पडून राहा आणि न बोलता पहिला आकडा घ्या. मग उभे राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. इथेच बहुतेकांचं चुकतं. उभ्याने हात लोंबता ठेवला की आकडा जास्त येतो आणि नेमकी घसरणच लपते. हात छातीच्या उंचीवर कपाटाच्या खणावर टेकवा. शेजारी कुणीतरी हवंच, मागे खुर्चीही. गरगरलं तर आकडा राहू द्या, आधी बसा.

वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, म्हणजे १४२/८० चे ११६/७२ झाले, तर डॉक्टरांना दाखवा. तीन-चार दिवसांची वही न्या: वेळ, झोपून की उभ्याने, आकडा, गोळी कधी घेतली. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पुष्कळदा डोस किंवा वेळ बदलून भागतं.

तोवर उठण्याची घाई नको. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, मग आधार धरून उठा. रात्री पुरुषांनीही लघवी बसूनच करावी. पाणी वाढवायचं, पण हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यामुळे मोजून प्यायला सांगितलं असेल तर विचारूनच.

शुद्ध हरपली, छातीत दुखलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर वही-यंत्र बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा.