इको-सेन्सिटिव्ह झोनच्या मसुद्यावर हरकत-सूचना कशी लिहायची

अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे जंगल जपण्यासाठी काही कामांवर बंधनं येतात त्या पट्ट्याचा, मसुदा निघाला की गावात एकतर "आता घराला वीटपण लावता येणार नाही" अशी अफवा पसरते, नाहीतर कुणाला काही पत्ताच नसतो, आणि हरकती-सूचनांचे ६० दिवस असेच निघून जातात. अंतिम अधिसूचना निघाल्यावर बदल करून घेणं फार अवघड, त्यामुळे जे काय करायचं ते याच दिवसांत.

आधी मसुदा स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको. केंद्राच्या ई-गॅझेट (राजपत्र) साइटवर पीडीएफ असते, हिंदी आणि इंग्रजीत, मग गावातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा आणि चावडीवर मोठ्याने वाचून घ्या. मुदत राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून मोजतात, पण शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

वाचताना आधी मागची परिशिष्टं उघडा, हद्दीचं वर्णन, नकाशा आणि गावांची यादी तिथेच असते. आपलं गाव आहे का, नाव बरोबर छापलंय का, ते बघा. मग तक्ता बघा, त्यात बंदी असलेली, नियंत्रित आणि प्रोत्साहन द्यायची अशी कामं वेगवेगळी दिलेली असतात. खाणी, क्रशर बंदीत येतात, पण स्थानिकांनी स्वतःच्या घराच्या बांधकाम-दुरुस्तीसाठी माती काढायला साधारण सूट असते. एवढं वाचलं तरी अर्धी भीती जाते.

आता मुख्य काम, लिहिणं. नुसतं "आमचा विरोध आहे" किंवा "पाठिंबा आहे" लिहिलं तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयात बसलेल्या माणसाला त्यातून मसुद्यात काय बदलायचं तेच कळत नाही. कलम नंबर, जागा, कारण आणि तिथे काय हवं, हे चारही लिहा. म्हणजे असं, "परिशिष्टातल्या हद्दीबाहेर गावच्या उत्तरेचा ओढा राहिलाय, गट नंबर अमुक, उन्हाळ्यात गवे इथेच पाण्याला उतरतात, तरी हद्द ओढ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत घ्यावी." विरोध असला तरी पद्धत हीच, गावठाण कुठे अडकतंय ते गट नंबरासकट सांगा. आणि हे लिहायच्या आधी गुराख्यांना, मध काढणाऱ्यांना, पाणी भरणाऱ्या बायकांना नक्की विचारा, कारण कुठला झरा मे महिन्यातही आटत नाही आणि जनावरं रस्ता कुठे ओलांडतात हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच नकाशात नसतं. तारीख दिसेल असे फोटो जोडा.

ग्रामसभेचा ठराव करा, शिवाय प्रत्येकाने स्वतःचं पत्रही द्या. पत्ता आणि ईमेल मसुद्यातच दिलेला असतो. स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा, पावती जपा, एक प्रत वनखात्याच्या उपवनसंरक्षकांकडे देऊन पोच घ्या.

मसुदा अंतिम न होता परत नव्याने निघतो असंही होतं, जसे पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे २०१४ पासून सहा मसुदे निघाले, सहावा ३१ जुलै २०२४ चा, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. त्यामुळे मागच्या वेळी हरकत दिली होती म्हणून गप्प बसू नका, नवा मसुदा आला की परत द्या.

अंतिम अधिसूचना आली तरी फाइल बंद करू नका. त्यानंतर राज्याला साधारण दोन वर्षांत झोनल मास्टर प्लॅन, म्हणजे त्या पट्ट्याचा सविस्तर आराखडा, करायचा असतो, तोही स्थानिकांशी चर्चा करून, आणि तेव्हा हाच ओढ्याचा, झऱ्याचा कागद परत पुढे ठेवायचा आहे.