रॉ कन्व्हर्टर एडिटिंगमध्ये नेमका कुठं बसवायचा

लग्नाचा सीझन लागला की आपल्याकडं नांदेड, लातूर, बीड सगळीकडंच पोरं रॉमध्ये शूट करायलेत, लई चांगली गोष्ट आहे, पण घरी आल्यावर फाईल फोटोशॉपला टाकायची, मधी कॅमेरा रॉची (फोटोशॉपातल्याच रॉ कन्व्हर्टरची) विंडो आली की काही न बघता ओपन दाबायचं आणि मग पुढं सगळी मारामारी फोटोशॉपात. असं करायचं तर जेपीजी काय वाईट होतं राव?

रॉमध्ये सेन्सरचा कच्चा डेटा असतो. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६३८४ पायऱ्या येतात, जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंगांचा तोल, तर रॉमध्ये नुसता नोंद म्हणून असतो, पिक्सेलमध्ये मुरलेला नसतो. म्हणून जी कामं या कच्च्या डेटावरच नीट होतात ती कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे रॉचा फोटो बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि खाडाखोड, लेयर, मास्क, बॅकग्राउंडला आलेली प्लास्टिकची खुर्ची काढणं हे सगळं नंतर फोटोशॉपसारख्या एडिटरमध्ये. एवढी वाटणी जमली की बाकी सोपंय.

आधी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, मग निवड करा. हजार फोटो कन्व्हर्ट करत बसू नका, डोळे मिटलेले आणि हललेले तिथंच बाजूला काढा.

कन्व्हर्टर कोणता? लाइटरूम किंवा फोटोशॉप आधीच असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही, दोन्हीत कॅमेरा रॉचंच इंजिन आहे. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी, दोन्ही फुकट, विंडोज लिनक्स मॅक सगळ्यावर चालतात. नवा कॅमेरा घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर त्याची रॉ उघडेना झालं तर अडोबीचा फुकटचा डीएनजी (अडोबीचाच रॉ फॉर्मॅट) कन्व्हर्टर आहे, त्यातून डीएनजी करून घ्या आणि जुन्यातच उघडा.

आता खरं काम. कन्व्हर्टरमध्ये पहिला व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर आणि हायलाइट, मग लेन्स करेक्शन आणि नॉइज (फोटोतले दाणे). हळदीचे फोटो घ्या. उन्हात हळदीनं माखलेला चेहरा म्हणजे लाल चॅनल आधी फुटतो (पार वर टेकून तपशील जातो), हिरवा त्याच्या मागोमाग, निळा जवळपास शून्यावर, आणि गालावर सपाट पिवळा ठिगळ दिसतो. बरेच जण तिथं सॅच्युरेशन कमी करतात, मग हळद मातकट दिसते. त्यापेक्षा आधी एक्स्पोजर खाली आणा, हायलाइट ओढा, रॉमध्ये बऱ्याचदा कातडीचा पोत परत येतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सहसा जेपीजीचा असतो, त्यामुळं तिथं फुटलेलं दिसलं तरी रॉमध्ये थोडं शिल्लक असू शकतं. मात्र स्टेजवरच्या जांभळ्या एलईडीत चेहरा गेला असेल तर व्हाइट बॅलन्सनं तो पूर्ण सुधरत नाही, कारण त्या उजेडात बाकीचे रंगच नसतात. तो फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, माझं तरी हेच मत आहे.

वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात उलटी गत, वर भगभगीत आभाळ आणि खाली सावलीतला काळा बेसाल्ट. शूट करताना आभाळ सांभाळा आणि शॅडो रॉमध्ये उचला. अजिंठ्याला आत फ्लॅश चालत नाही म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवावाच लागतो, मग नॉइज काढायचा तोही कन्व्हर्टरमध्येच, कारण डार्कटेबलसारख्या सॉफ्टवेअरकडं कॅमेरा आणि आयएसओनुसार नॉइजचं प्रोफाइल असतं आणि एडिटरकडं गेल्यावर ती माहिती संपते. शार्पनिंग इथं हलकंच ठेवा.

एक फोटो नीट झाला की त्याच उजेडातल्या बाकीच्यांना सेटिंग कॉपी-पेस्ट. मांडव वेगळा, स्टेज वेगळं, दोन्हीला एकच सेटिंग चिकटवू नका.

पुढं एडिटरला द्यायचं ते १६ बिट टिफ, प्रोफाइल (फोटोत किती रंग मावतात ते ठरवणारं) अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो. हळदीचा गडद पिवळा एसआरजीबी या छोट्या प्रोफाइलात बऱ्याचदा मावत नाही, म्हणून मधल्या टप्प्यात मोठी जागा लागते. पण २४ मेगापिक्सेलची अशी टिफ साधारण १४४ एमबीची होते, तर फक्त ज्यांना रिटचिंग लागतंय तेच फोटो पाठवा, बाकीचे कन्व्हर्टरमधूनच जेपीजी करून मोकळे व्हा. फोटोशॉपवाल्यांनी कॅमेरा रॉमध्ये शिफ्ट दाबून धरा, ओपनचं बटण बदलतं आणि फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून जातो, नंतर डबल क्लिक केलं की रॉची सेटिंग परत हातात. गिंप (फुकटचा एडिटर) वापरणाऱ्यांनी सोबत डार्कटेबल टाकून ठेवा, गिंपमध्ये रॉ उघडली की आधी डार्कटेबल उघडतं, ते काम करून बंद केलं की फोटो गिंपात येतो.

एडिटरमध्ये आल्यावर परत नॉइज काढू नका, चेहरे मेणाचे दिसायला लागतात. शेवटचं शार्पनिंग मात्र साइज बदलल्यावर, मोबाइलला वेगळं आणि अल्बमला वेगळं. व्हॉट्सअॅपला एसआरजीबी जेपीजी, अल्बमसाठी लॅबवाल्याला आधीच विचारून घ्या त्याला काय लागतंय.

रॉच्या शेजारी बारक्या फायली तयार होतात, डार्कटेबलच्या एक्सएमपी, रॉथेरपीच्या पीपी३. तुमची सगळी मेहनत त्यातच असते, म्हणून हार्डडिस्क बदलताना रॉसोबत त्याही उचला. डिस्क भरली तर एडिटरमध्ये काहीच काम न केलेल्या टिफ आधी उडवा, त्या कधीही परत काढता येतात.